लिनक्सचा सोर्स बघायचाय? आधी मशीनवरची फाइल पकडा

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय लागला की एक प्रश्न हमखास येतो: उबुंटूचा सोर्स कोड कुठून उतरवायचा? मग कुणीतरी गिटहबवरची, लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांची लिनक्स रिपॉझिटरी (कोडचं भांडार) दाखवतं, तिची झिप उतरवली जाते आणि आत फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ कमांडचा कोड शोधण्यात दुपार जाते. तो तिथे नसतोच. ती रिपॉझिटरी फक्त कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची. ‘एलएस’, शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम), फाइल मॅनेजर, प्रिंटरची यंत्रणा हे सगळं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेलं असतं आणि उबुंटू, डेबियनसारखं डिस्ट्रिब्युशन (‘डिस्ट्रो’) ते गोळा करून, स्वतःचे बदल घालून, बांधून आपल्याला देतं.

त्यामुळे ‘डिस्ट्रोचा सोर्स’ नावाचा एकच फोल्डर कुठेच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजं (इन्स्टॉल करायचे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आहेत. सोर्स पॅकेजं त्याहून कमी, कारण एका सोर्समधून अनेक पॅकेजं तयार होतात, पण तीही हजारोंनी. सगळं उतरवून ठेवण्यात काही अर्थ नाही. उलटं जायचं: आपल्या मशीनवर जी फाइल चालते आहे ती पकडायची आणि तिथून मागे मागे जात तिच्या सोर्सपर्यंत पोहोचायचं.

या पोस्टमध्ये सगळ्या कमांड देवनागरीत आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. उदाहरणं डेबियन आणि उबुंटूची घेतली आहेत, बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात.

फाइल कुठल्या पॅकेजची?

कमांड कुठली फाइल चालवते ते शोधायला सुरुवात ‘विच’ने नको, ‘टाइप -ए’ने करा. ‘टाइप -ए एको’ म्हणून बघा. पहिल्या ओळीत ‘एको’ हे शेल बिल्टइन, म्हणजे शेलमध्येच बसवलेली कमांड, असल्याचं येईल, त्याच्या खाली /यूएसआर/बिन/एको. म्हणजे बॅश या नेहमीच्या शेलमध्ये नुसतं ‘एको’ लिहिता तेव्हा कोअरयुटिल्स या मूळ कमांडच्या पॅकेजमधला एको.सी चालतच नाही. चालतो तो बॅशच्या सोर्समधल्या बिल्टइन्स फोल्डरमधला एको.डेफ. ‘विच’ हे सांगत नाही, ते फक्त पाथ (फाइलचा पत्ता) दाखवतं. चुकीची फाइल वाचून ‘कोडमध्ये आहे तसं हे वागत का नाही’ म्हणून डोकं खाजवणाऱ्यांची बरीच मोठी जमात आहे.

पाथ मिळाला की ती फाइल कुठल्या पॅकेजची ते विचारायला ‘डीपीकेजी -एस’, यातला एस कॅपिटल, आणि पुढे तो पाथ. इथे एक खड्डा आहे. हल्ली /बिन हा /यूएसआर/बिनचा नुसता दुवा असतो, पण पॅकेजच्या यादीत फाइल कुठल्या नावाने नोंदली आहे ते आवृत्तीवर ठरतं. डेबियन १२ मध्ये ‘एलएस’ची नोंद /बिन/एलएस अशी आहे, तर डेबियन १३ मध्ये /यूएसआर/बिन/एलएस अशी. १२ वर ‘विच’ने दिलेला /यूएसआर/बिनचा पाथ जसाच्या तसा घातला तर ‘असा पाथ सापडला नाही’ हे उत्तर येतं आणि फाइल कुठल्याच पॅकेजची नाही असं वाटायला लागतं. अशा वेळी पुढचा /यूएसआर काढून बघा, किंवा नुसतं ‘बिन/एलएस’ द्या. सुरुवातीला तिरपी रेघ नसेल तर डीपीकेजी दोन्ही बाजूंना तारा (म्हणजे कुठलीही अक्षरं) आहे असं धरून शोधतो. मग एलएसबीएलके वगैरे चार जास्तीच्या ओळी येतील, त्यातून आपली उचलायची.

‘व्हीआय’, ‘ऑक’ यांच्यासारख्या कमांड तर दुव्याचा दुवा असतात. त्यांना आधी ‘रीडलिंक -एफ’ लावून खरी फाइल काढा. ‘ऑक’च्या मागे बहुतेक वेळा एमऑक निघतो, जीऑक नाही.

पॅकेजचं नाव कळलं तरी सोर्सचं नाव तेच असेल असं नाही. पासवर्ड बदलायची ‘पासडब्ल्यूडी’ कमांड त्याच नावाच्या पॅकेजमध्ये आहे, पण सोर्सचं नाव शॅडो. ‘पीएस’ आणि ‘टॉप’ प्रोकपीएसमधून येतात, ‘माउंट’ युटिल-लिनक्समधून, ‘पिंग’ आयपीयुटिल्समधून आणि लिबसी६ ग्लिबसीमधून. पॅकेजची माहिती देणाऱ्या ‘ॲप्ट शो’च्या उत्तरात ‘सोर्स’ अशी ओळ दिसली तर तिथे लिहिलेलं नाव धरायचं. ओळच नसेल तर दोन्ही नावं एकच.

उबुंटू २५.१० वापरत असाल तर आणखी एक भानगड आहे. त्या आवृत्तीपासून ‘एलएस’सारख्या मूळ कमांड रस्ट या भाषेत लिहिलेल्या कोअरयुटिल्समधून येतात. तिथे सी भाषेतली एलएस.सी वाचणं म्हणजे शेजारच्या घराचा नकाशा वाचणं.

सोर्स उतरवणं

नावं हाताशी आली की ‘ॲप्ट सोर्स कोअरयुटिल्स’. नव्या मशीनवर बहुधा याला उत्तर येतं की सोर्सेस.लिस्टमध्ये ‘डेब-एसआरसी’चे पत्ते घाला. उबुंटूवर सोर्सचे पत्ते मुळात बंद ठेवलेले असतात. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ‘डेब-एसआरसी’ने सुरू होणाऱ्या ओळींपुढची हॅशची खूण काढायची. उबुंटू २४.०४ पासून मात्र पत्ते /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमधल्या उबुंटू.सोर्सेस फाइलमध्ये असतात. तिथे ‘टाइप्स: डेब’ अशी ओळ आहे, ती ‘टाइप्स: डेब डेब-एसआरसी’ करायची, मध्ये स्पेस, स्वल्पविराम नाही. त्या फाइलमध्ये सुरक्षा अपडेटचा वेगळा परिच्छेद असतो, तिथेही हाच बदल करा. हे विसरलात तर जुनी, दुरुस्ती न झालेली आवृत्ती उतरू शकते आणि कळणारही नाही. मग ‘ॲप्ट अपडेट’.

‘ॲप्ट सोर्स’ला सुडो (रूट, म्हणजे ॲडमिनचे अधिकार) लावू नका. ही कमांड काहीही इन्स्टॉल करत नाही, ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथेच फाइली टाकते. सुडोने चालवली की फाइली रूटच्या मालकीच्या होतात, शिवाय डाउनलोड सँडबॉक्सशिवाय केल्याचा इशारा येतो. होममध्ये एक रिकामा फोल्डर करा आणि तिथून चालवा. डीपीकेजी-डेव्ह पॅकेज आधी टाकून ठेवा, नाहीतर फाइली उतरतील पण उलगडणार नाहीत.

‘ॲप्ट सोर्स’ यादीतली सर्वात नवी आवृत्ती उचलतो, तुमच्या मशीनवर असलेली नाही. दोन्ही एकच असायला हवी असतील तर ‘डीपीकेजी -एल’ने (एल लहान) मशीनवरचा आकडा बघा आणि ‘ॲप्ट सोर्स कोअरयुटिल्स=९.१-१’ असा पूर्ण द्या. डेबियन १२ चा आकडा हाच आहे. जुनी आवृत्ती सर्व्हरवरून काढून टाकली असेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट साइटवर मिळते, तिथे २००५ पासूनचा संग्रह आहे. उबुंटूसाठी लाँचपॅड साइटवर त्या पॅकेजच्या पानावर प्रसिद्ध झालेल्या जुन्या आवृत्त्या असतात.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असेल, दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल, तर ‘--प्रिंट-यूआरआयज’ हा पर्याय जोडा. फाइली न उतरवता त्यांचे पत्ते आणि आकार छापून मिळतात. कोअरयुटिल्ससारखं पॅकेज पाच-सहा एमबीत आटोपतं, पण क्रोमियम किंवा लिबरऑफिसचा आकडा बघून हात आवरता घ्यावा. नुसती एक फाइल वाचायची असेल तर काहीच उतरवायची गरज नाही. डेबियनच्या सोर्सेस साइटवर प्रत्येक पॅकेजची प्रत्येक फाइल ब्राउझरमध्ये उघडते, आणि कोडसर्च साइटवर सगळ्या पॅकेजांमध्ये एकदम रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांच्या नमुन्याने) शोधता येतं. ‘हे फंक्शन आणखी कोण कोण वापरतं’ या प्रश्नाला त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

तीन फाइली आणि त्यातली महत्त्वाची एक

उतरल्यावर बहुतेक पॅकेजांच्या तीन फाइली दिसतात. ‘.ओरिग.टार’ने शेवट होणारी म्हणजे मूळ लेखकांचा गठ्ठा. ‘.डेबियन.टार’वाली म्हणजे डिस्ट्रिब्युशनची भर. आणि ‘.डीएससी’ ही छोटी मजकूर फाइल, जिच्यात बाकी दोन्हींचे चेकसम (फाइल बदलली का ते तपासायचे आकडे) आणि पॅकेज करणाऱ्याची सही असते. चौथी गोष्ट म्हणजे उलगडलेला फोल्डर, ज्यात डेबियनचे बदल आधीच लावलेले असतात. मटण एकाच दुकानातलं असलं तरी रस्सा घराघरात वेगळा होतो. मूळ गठ्ठा सगळ्या डिस्ट्रोंचा एकच, चव या दुसऱ्या फाइलीतून येते.

म्हणून उलगडलेल्या फोल्डरमध्ये आधी ‘डेबियन’ नावाचा उपफोल्डर उघडा. त्यात ‘चेंजलॉग’ वरून खाली वाचा. मग ‘पॅचेस’मधली ‘सिरीज’ फाइल: कुठले बदल कुठल्या क्रमाने लागले त्याची यादी. प्रत्येक पॅचच्या (एका बदलाच्या फाइलीच्या) डोक्यावर वर्णन असतं, आणि ‘फॉरवर्डेड’ या ओळीत तो मूळ लेखकांकडे पाठवला का हे असतं. तिथे ‘नॉट-नीडेड’ दिसलं तर समजायचं की हा बदल या डिस्ट्रोपुरताच आहे, मूळ प्रकल्पात शोधून सापडणार नाही. ‘रूल्स’ ही बांधणीची मेकफाइल, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवायच्या सूचना. कुठला फीचर चालू ठेवून आणि कुठला बंद करून बांधलंय ते इथे कळतं. पॅच न लावलेला मूळ कोड बघायचा असेल तर ‘डीपीकेजी-सोर्स --स्किप-पॅचेस -एक्स’ आणि पुढे ‘.डीएससी’ फाइलीचं नाव.

पॅच वाचण्यावर एवढा भर का, याची दोन कारणं इतिहासात नोंदलेली आहेत. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीला एक छोटा पॅच लावला. मेमरी तपासणाऱ्या हत्याराने दिलेली तक्रार गप्प करण्यासाठी काही ओळी बाद केल्या होत्या. त्याने रँडम आकड्यांचा सगळा दाणागोटाच संपला, उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या कीसाठी जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्यता. हे मे २००८ मध्ये डेबियनचे डेव्हलपर लुचियानो बेलो यांच्यामुळे उघडकीला आलं. उबुंटूही त्यात सापडलं होतं. मूळ ओपनएसएसएलचा कोड कितीही बारकाईने वाचला असता तरी ती चूक दिसली नसती. ती फक्त डिस्ट्रोच्या पॅचमध्ये होती.

दुसरं २९ मार्च २०२४ चं. प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून छोट्या करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधलं बॅकडोअर (चोरदरवाजा) जाहीर केलं. घातक भाग चाचणीच्या फाइलींमध्ये लपवलेला होता आणि तो गिटमध्येही (कोडच्या उघड्या इतिहासात) होता, पण त्याला जागं करणारी बिल्ड-टू-होस्ट.एम४ ही फाइल फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) घातलेली होती. गिटहबवरचा कोड वाचणाऱ्याला अर्धंच दिसत होतं. आणि हे दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचपर्यंत पोहोचलं कसं? मूळ ओपनएसएसएच एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. काही डिस्ट्रोंनी सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीला ‘मी सुरू झालो’ असं कळवण्यासाठी एक पॅच लावला होता, त्यातून लिबसिस्टिमडी आली आणि तिच्या शेपटाला धरून लिबएलझेडएमए, म्हणजे एक्सझेडचीच लायब्ररी. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते गेलं नाही, टेस्टिंग आणि अनस्टेबल या तयारीतल्या आवृत्त्यांमध्ये मात्र आलं होतं.

म्हणून गिट आणि सोर्स पॅकेज यात फरक दिसला तर मशीनसाठी खरं सोर्स पॅकेज. ‘डिफ -आर’ मारून गिटचा टॅग आणि ‘.ओरिग.टार’ यांची तुलना करता येते. कॉन्फिगर स्क्रिप्टसारख्या आपोआप बनलेल्या फाइलींचा ढीग येतो, तो बाजूला सारून उरलेलं बघायचं.

हेच ज्ञान रोजच्या कामात कुठे पडतं ते सांगतो. एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरचं ऑडिट होतं आणि अहवालात येतं, ‘ओपनएसएसएच ९.२ जुनं आहे, असुरक्षित आहे, ताबडतोब बदला’. सर्व्हर डेबियन १२ चा, पॅकेजचा आकडा ‘१:९.२पी१-२+डेब१२यू३’. तो फोडून वाचा. सुरुवातीचा १ आणि विसर्गचिन्ह म्हणजे इपॉक, आवृत्त्यांचा क्रम जुळवण्यासाठी लावलेला. ९.२पी१ हा मूळ प्रकल्पाचा आकडा. २ ही डेबियनची बांधणी. आणि ‘+डेब१२यू३’ म्हणजे डेबियन १२ साठीची तिसरी दुरुस्ती. जुलै २०२४ मध्ये गाजलेल्या सीव्हीई-२०२४-६३८७ या क्रमांकाच्या सुरक्षात्रुटीवरचा इलाज या ‘यू३’मध्येच आहे. स्कॅनर फक्त ९.२ बघतो आणि बोंब मारतो. पुरावा मशीनवरच असतो: /यूएसआर/शेअर/डॉक/ओपनएसएसएच-सर्व्हर या फोल्डरमधल्या चेंजलॉग.डेबियन.जीझेडवर ‘झेडग्रेप’ने तो सीव्हीईचा क्रमांक शोधा आणि निघालेली ओळ अहवालाच्या उत्तरात जोडा. ऑडिटरच्या दबावाखाली नेटवरून नवं ओपनएसएसएच हाताने बांधून बसवणं हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग. त्या क्षणापासून सुरक्षा अपडेटची जबाबदारी तुमची.

कर्नल: इथे नाव फसवतं

‘युनेम -आर’ने कर्नलचा आकडा काढून ‘ॲप्ट सोर्स लिनक्स-इमेज-’ आणि पुढे तो आकडा, असं केलं की एक छोटं पॅकेज उतरतं आणि त्यात कर्नलचा सी कोड नावालाही नसतो. कारण सिक्युअर बूटसाठी (फक्त सही असलेला कर्नल सुरू करणाऱ्या व्यवस्थेसाठी) सही केलेली इमेज ‘लिनक्स-साइन्ड’ या वेगळ्या सोर्समधून तयार होते, आणि त्यात फक्त सही जोडण्याची यंत्रणा आहे. उबुंटूवर ‘लिनक्स-इमेज-अनसाइन्ड-’ आणि पुढे आकडा असं मागा. डेबियनवर सरळ ‘ॲप्ट सोर्स लिनक्स’. डेबियन १२ वर ‘लिनक्स-सोर्स-६.१’ पॅकेजही टाकता येतं. त्याने डेबियनचे पॅच लागलेला पूर्ण टारबॉल /यूएसआर/एसआरसीमध्ये येऊन बसतो.

/यूएसआर/एसआरसीमध्ये आधीपासून असलेला ‘लिनक्स-हेडर्स’चा फोल्डर म्हणजे सोर्स नव्हे. त्यात ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या हेडर आणि मेकफाइली असतात, फंक्शनांचा गाभा नसतो. कर्नल कुठल्या पर्यायांनी बांधलाय ते मात्र /बूट/कॉन्फिग- आणि पुढे आकडा या फाइलीत लिहिलेलं असतं. कोड वाचण्याआधी ती उघडा, म्हणजे बंद ठेवलेला ड्रायव्हर वाचण्यात वेळ जाणार नाही.

मूळ कर्नल हवा असेल तर कर्नल.ऑर्गवरून एक्सझेड टारबॉल घ्या, साधारण दीडशे एमबी. पूर्ण इतिहासासह गिट क्लोन काही जीबींचा होतो आणि मध्ये तुटला तर तिथूनच पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू. पावसाळ्यात लाईट गेली, राउटर बंद पडला, की गेला सगळा डाउनलोड. म्हणून ‘--डेप्थ १’ लावा (इतिहास सोडून फक्त शेवटची प्रत), नाहीतर ‘डब्ल्यूगेट -सी’ने टारबॉल आणा. तो तुटल्या जागेवरून पुढे उतरतो.

टारबॉल लिनक्सच्याच डिस्कवर उलगडा. लॅबमधून पेनड्राइव्हवर किंवा विंडोजच्या फोल्डरमध्ये उलगडला तर तो गुपचूप बिघडतो. कर्नलच्या नेटफिल्टर या नेटवर्क पॅकेट गाळणाऱ्या भागात एक्सटी_डीएससीपी.सी या नावाच्या दोन फाइली आहेत, एकीत डीएससीपी कॅपिटल, दुसरीत लहान अक्षरांत. लहान अक्षरांची नियम जुळवते, कॅपिटलवाली पॅकेट बदलते. कॅपिटल-स्मॉल न मानणाऱ्या फाइलसिस्टिमवर एक दुसरीच्या डोक्यावर बसते. डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) वापरत असाल तर /एमएनटी/सीमध्ये नको, तिथल्या होममध्ये ठेवा.

नुसतं वाचण्यासाठी बूटलिनची एलिक्सर साइट पुरते. नावावर क्लिक केलं की व्याख्या आणि जिथे जिथे वापर झाला त्या ओळी, आवृत्तीनुसार.

कोडमध्ये नेमकी जागा

मोठ्या कोडमध्ये शिरायचा सगळ्यात सोपा दरवाजा म्हणजे कमांडने छापलेला संदेश. नसलेल्या फाइलवर ‘एलएस’ चालवा: ‘कॅनॉट ॲक्सेस’, मग अवतरणात फाइलचं नाव, मग ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. ही अख्खी ओळ ‘ग्रेप’ या शोधायच्या कमांडला दिली तर काही सापडणार नाही. ती तीन ठिकाणांहून जोडली आहे. ‘कॅनॉट ॲक्सेस’ एवढंच एलएस.सीमध्ये आहे, फाइलच्या नावाच्या जागी ‘%एस’ आहे आणि शेवटचा तुकडा ग्लिबसी ही सीची मूळ लायब्ररी पुरवते. म्हणून संदेशातला न बदलणारा छोटा तुकडा शोधा.

डेस्कटॉप मराठीत लावला असेल आणि संदेश मराठीत येत असेल तर कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लावून इंग्रजी संदेश मिळवा. किंवा मराठी वाक्यच सोर्समधल्या भाषांतराच्या ‘.पीओ’ फाइलीत शोधा. त्या नोंदीच्या वरच्या टिप्पणीत मूळ फाइलचं नाव आणि ओळ बहुधा दिलेली असते.

एलएस.सी साडेपाच हजार ओळींच्या घरात आहे, पहिल्याच दिवशी तिथे जाऊ नका. ट्रू.सी वाचा, ८० च्या आसपास ओळी. मग शेजारची फॉल्स.सी उघडा. तिच्यात दोनच ओळी आहेत: एक्झिट स्टेटस म्हणजे अपयश अशी व्याख्या, आणि खाली ट्रू.सीचा इन्क्लूड. सोर्सच्या मुळाशी ‘सीटॅग्ज -आर’ चालवून ठेवलं की विम एडिटरमध्ये कंट्रोल आणि चौकटी कंसाने व्याख्येवर उडी मारता येते.

बाकीचे डिस्ट्रो

फेडोरावर ‘आरपीएम -क्यूएफ’ने पॅकेज आणि ‘आरपीएम -क्यूआय’ने सोर्स आरपीएमचं नाव. ‘डीएनएफ डाउनलोड --सोर्स’ने ते उतरतं, ‘आरपीएम२सीपीआयओ’ आणि ‘सीपीआयओ -आयडीएमव्ही’ पाइपने जोडून उलगडतं. हे आधीच्यासारखं एका फोल्डरमध्ये नीट बसत नाही, सगळ्या फाइली उभ्या जागी सांडतात, म्हणून रिकाम्या फोल्डरमध्येच करा. पॅच तुम्हीच लावायचे, त्यासाठी ‘आरपीएमबिल्ड -बीपी’. आर्चवर ‘पीकेजीसीटीएल रेपो क्लोन’ आणि पुढे पॅकेजचं नाव, मग ‘मेकपीकेजी -ओ’. मूळ कोडमध्ये फारसा हात न घालणारा डिस्ट्रो असल्यामुळे वाचायला हा सगळ्यात सुटसुटीत, असं माझं मत.

रेड हॅटने जून २०२३ पासून आरएचईएल या आपल्या व्यावसायिक डिस्ट्रोचा सोर्स सगळ्यांसाठी खुला टाकणं बंद केलं. ग्राहकांना तो त्यांच्या पोर्टलवर मिळतो, बाकीच्यांसाठी गिटलॅबवरचं सेंटओएस स्ट्रीम. ते आरएचईएलच्या जवळचं आहे, पण आवृत्ती तंतोतंत जुळेलच असं नाही.

राहता राहिली कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या शेडमधली यंत्रं आणि घरातले राउटर. त्यांच्यात ॲप्ट नसतं, पण आत लिनक्स आणि बिझीबॉक्स (मूळ कमांडचा छोटा संच) असण्याची शक्यता दांडगी. सेटिंगच्या मेनूत किंवा पुस्तिकेच्या शेवटी ‘ओपन सोर्स लायसन्स’चं पान शोधा. सोबत सोर्स दिला नसेल तर त्या दोन्हींच्या जीपीएल लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार सोर्स देण्याची, किमान ३ वर्षं टिकणारी लेखी हमी द्यावी लागते. मागणीचं पत्र लिहिताना मॉडेलसोबत फर्मवेअरचा पूर्ण आकडा लिहा, नाहीतर भलत्याच आवृत्तीची झिप हातात येते. आणि नुसत्या सी फाइली मिळाल्या तर समाधान मानू नका. त्या लायसन्समध्ये बांधणी आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही सोर्सच्या व्याख्येत धरलेल्या आहेत, त्या राहिल्या असतील तर दुसरं पत्र त्याच कलमाचा हवाला देऊन पाठवायचं.